बिनगाण्याचा बँड आणि पंचाक्षरीची टेप

बाळीवेशीत माझं सायकलचं दुकान होतं आणि त्याला लागूनच पंचाक्षरीचं स्पीकरचं. दोघांच्या मध्ये एक पत्र्याची भिंत. त्याच्याकडे कर्णा वाजला की माझ्याकडं टांगलेल्या रिमा थरथरायच्या. पंचाक्षरी मूळचा वळसंगचा. लहानपणी शेतात ढेकळं फोडायचा कंटाळा आला म्हणून सोलापूरला पळून आला, एका स्पीकरवाल्याच्या हाताखाली वायरी गुंडाळायला लागला आणि पुढं त्याचाच धंदा त्यानं चालवायला घेतला. उंच, किडकिडीत, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि शर्टाच्या खिशात कायम एक टेस्टर.

माइक तपासताना सगळे स्पीकरवाले "हॅलो, हॅलो" करतात. पंचाक्षरी भाज्यांची नावं घ्यायचा. "चाकवत. शेपू. घेवडा. चाकवत." सभेला जमलेली माणसं हसायची. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "हॅलोत काय हाय? तोंड उघडलं की झालं. चाकवत म्हटलं की दात, जीभ, टाळू सगळं कामाला लागतं. माइकलाबी कळतं, माणूस आलाय." त्याची बायको नीलम्मा दुकानामागच्या दोन खोल्यांतून ओरडायची, "सकाळधरनं चाकवत चाकवत करताय, एक दिवस घरी तरी आणा की."

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट असेल. एका दुपारी शिवप्पा त्याच्या दुकानात आला. हा मिलमध्ये सूतखात्यात कामाला होता, पंचविशीचा, कानांवर केस वाढवलेला. रेल्वे कॉलनीतल्या एका साहेबानं बदली होऊन जाताना त्याला आपली जुनी गिटार दिली होती, आणि ती वाजवायला शिवप्पा रेडिओ ऐकून ऐकून स्वतःच शिकला होता. गिटार विजेची होती. नुसती वाजवली तर डासाएवढा आवाज.

"पंचाक्षरीअण्णा, ही तुमच्या मशीनला लावता येईल का?"

"लावून बघू की."

त्यानं तारेचं टोक ॲम्प्लिफायरला जोडलं, आवाजाचं बटण फिरवलं आणि शिवप्पानं तारेवर हात मारला. माझ्या हातातला पाना खाली पडला. पत्रा गोणपाट फाटावं तसा टर्रकन वाजला, बाहेर उभ्या टांग्याचं घोडं दोन पावलं मागं सरलं आणि पिठाचे हात तसेच घेऊन नीलम्मा बाहेर आली.

"काय पडलं?"

पंचाक्षरीनं घाईघाईनं बटण खाली आणलं. "मशीन फाटलं वाटतं."

"न्हाय अण्णा, राहू द्या," शिवप्पा म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला हसू आलं. "असाच पायजे."

"असा? हा फाटलेला आवाज हाय."

"फाटलेलाच पायजे."

त्या दिवसापासून पंचाक्षरीचं मशीन दर रविवारी शिवप्पाच्या कामाला लागलं. हळूहळू आणखी दोघं आली. चन्नवीर हा शिंपी. जाड तारांची दुसरी गिटार तो वाजवायचा आणि ती त्यानं सुताराकडून लाकूड तासून घेऊन बनवली होती. येडू हा चुलत्याच्या लग्नाच्या बँडमध्ये ढोल बडवणारा. त्यानं दोन ढोल, एक हलगी आणि पितळी झांजा एका खाटेच्या चौकटीला बांधल्या आणि मधे स्टूल टाकून बसला. तिघांचं वाजवणं कानाला नवीन होतं. हलगीचा ठेका, त्यावर चन्नवीरची हुंकारल्यासारखी खालची तार आणि सगळ्यांच्या वर शिवप्पाची ती फाटकी, ओरडती गिटार. गाणारा कुणी नाही. शिवप्पानं बँडला 'थ्री स्पार्क' असं नाव ठेवलं. पेठेनं 'मुका बँड' असं ठेवलं.

"एखादा गाणारा घ्या की," मी सांगून बघितलं.

"गाणारा आला की लोक शब्द ऐकत बसतात, मानसिंग," शिवप्पा म्हणाला. "आमी मग कशाला?"

त्याचा हट्ट मला पटला नव्हता, लोकांनाही नाही. मुक्या बँडला कुणी बोलवायचं नाही. ज्या कार्यक्रमात ठरलेला ऑर्केस्ट्रा उशिरा यायचा, तिथं वेळ मारून न्यायला तो चालायचा. तेही पंचाक्षरीचा स्पीकर असेल तरच, कारण तो मंडळाच्या पोरांना पटवायचा, "मशीन तापवायला कुणीतरी लागतंच की."

याच सुमाराला पंचाक्षरीला एक टेपरेकॉर्डर मिळाला. नव्या पेठेतल्या एका डॉक्टरनं परदेशातून आणलेला, मोठ्या चाकांचा. त्यावर टेपचं रीळ लावायचं आणि ती गरागरा फिरणारी चाकं बघत बसायचं. पंचाक्षरीला तो इतका आवडला की काही दिवस तो मिळेल ते टेप करत सुटला. सिद्धेश्वराच्या देवळातली सनई, नीलम्माचं तिच्या आईशी कन्नडमधलं भांडण, माझ्या दुकानातला पंप.

त्या वर्षी कुंभार वेशीजवळच्या एका गणपतीत मुक्या बँडला दुपार मिळाली. संध्याकाळी पुण्याचा मोठा ऑर्केस्ट्रा होता, म्हणून भर दुपारी, ऊन तापलेलं असताना, रिकाम्या मांडवात ह्यांनी वाजवायचं. समोर माणसं किती? सावलीला टेकलेले हमाल, शाळा बुडवलेली पोरं, शेंगदाणेवाला आणि आपापसांत बोलत बसलेले दोन म्हातारे. मी दुकान बंद करून गेलो होतो. पंचाक्षरीनं एक माइक स्टेजवर लावला होता. दुसरा, सूचना सांगायचा, मांडवाच्या खांबाला लोकांकडे तोंड करून बांधलेला होता आणि तो बंद करायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

तिघांनी वाजवायला सुरुवात केली. पहिले दोन तुकडे झाले, टाळ्या कुणी दिल्या नाहीत. तिसऱ्याच्या मधोमध मिलचा भोंगा झाला.

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला भोंग्याबद्दल सांगायला नको. पाळी बदलली की तो वाजायचा. खालून उठून वर चढायचा, वर जाऊन एका जागी ताठ उभा राहायचा आणि मग दमल्यासारखा खाली यायचा. आमची घड्याळं त्याच्यावर लागायची. एरवी कुठल्याही कार्यक्रमात तो वाजला की गाणारे हसून थांबतात. शिवप्पा थांबला नाही. त्यानं डाव्या हाताचं बोट तारेवर दाबून भोंग्याबरोबर वर सरकवत नेलं. भोंगा चढला तशी गिटार चढली. भोंगा वर जाऊन उभा राहिला आणि गिटार त्याच सुरावर त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. कुठला आवाज मिलचा आणि कुठला तारेचा, ते कळेना. येडूनं काठ्या वर धरल्या. चन्नवीरनं हात तारांवरून उचलला. मांडवात तेवढाच एक सूर. मग भोंगा उतरायला लागला, तशी गिटार त्याचा हात धरून उतरवल्यासारखी खाली आली, आणि अगदी तळाला पोचल्यावर येडूनं दोन्ही काठ्या एकदम हाणल्या.

हमाल उठून उभे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दुकानात टेप ऐकायला बसलो. पंचाक्षरीनं रीळ लावलं आणि पहिल्याच मिनिटाला कपाळावर हात मारला. "दुसरा माइक चालूच राहिला की. सगळा गोंधळ घुसलाय. पुसून टाकतो."

"थांबा अण्णा," शिवप्पा म्हणाला. "ऐकू तरी."

टेपवर बँड होताच, पण बँडच्या पुढं मांडव होता. शेंगदाणेवाल्याची आरोळी, एका पोराचं रडणं आणि माइकखाली बसलेल्या दोन म्हाताऱ्यांच्या गप्पा. एक म्हातारा दुसऱ्याला भाचीसाठी आलेल्या स्थळाबद्दल सांगत होता. मुलगा बरा आहे, शेती आहे, पण सासू जरा... आणि एवढ्यात भोंगा झाला. "सासू जरा" म्हणून म्हातारा जो थांबला, तो थांबलाच. शेंगदाणेवाला थांबला. पोर रडायचं थांबलं. भोंगा आणि गिटार वर जाऊन उभे राहिले, तेव्हा टेपवर दुसऱ्या कुणाचा श्वाससुद्धा नव्हता. मग तो येडूचा दणका आणि त्यानंतर म्हाताऱ्याचा आवाज, हळूच, "आयला."

आम्ही हसलो. नीलम्मा दारात उभी राहून ऐकत होती, ती म्हणाली, "परत लावा."

पंचाक्षरीनं परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. टेप पुसायचं नाव मग कुणी काढलं नाही.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण त्या टेपेत काय होतं ते मला त्याच दिवशी उमगलं. रविवारी दुकानात बँड वाजायचा तेव्हा मला तो नुसता मोठा आवाज वाटायचा. टेपेत मला तो ऐकणारी माणसं ऐकू येत होती. आपल्या गप्पांत रमलेली, बँडकडे ढुंकून न बघणारी माणसं. आणि त्यांना बँडनं कसं धरलं, कुठल्या क्षणी धरलं, ते सगळं रिळावर उतरलं होतं.

पंचाक्षरीनं तेव्हापासून एक माइक कायम लोकांकडं तोंड करून लावायला सुरुवात केली. दुकानात संध्याकाळी टेप लागली की चहाच्या गाड्यावरची माणसं पत्र्याला टेकून उभी राहायची. "भोंग्याची लावा की," म्हणायची. सासूबद्दल म्हातारा पुढं काय बोलणार होता यावर पैजा लागायच्या. बँडला मात्र बोलावणं काही येईना. टेप ऐकायला माणसं होती, बँडला अजून दुपारच मिळत होती.

पुढच्या उन्हाळ्यात वळसंगला पंचाक्षरीच्या लांबच्या नात्यात लग्न निघालं. नवऱ्या मुलाचा आजा गुरप्पा जन्मभर सोलापूरच्या मिलमध्ये राबून म्हातारपणी गावी परतला होता. कान मंद झालेले. लग्नघराच्या ओट्यावर बसून तो सगळ्यांकडे बघून नुसती मान हलवायचा. स्पीकर अर्थातच पंचाक्षरीचा. मी वऱ्हाडी म्हणून त्याच्याबरोबर टेंपोत बसून गेलो होतो.

अक्षता पडल्या, पंगत बसली. पंचाक्षरीनं टेपरेकॉर्डरवर सनईचं रीळ लावलं आणि स्वतः पानावर येऊन बसला. पहिला घास तोंडात घातला आणि कर्ण्यातून सनईच्या जागी ढोलांचा दणका बाहेर पडला. नीलम्मानं दुकान झाडताना रिळांची खोकी इकडची तिकडं केली होती, आणि गणपतीचं ते रीळ नेहमीसारखं भोंग्याच्या जरा अलीकडं आणून ठेवलेलं होतं. पंचाक्षरी उष्ट्या हातानं उठला. पण पंगतीतून वाट काढत तो मशीनपर्यंत पोचायच्या आत भोंगा झाला.

कर्णा झाडाला बांधलेला होता. सगळ्या गावावरून सोलापूरच्या मिलचा भोंगा फिरला. आणि ओट्यावर बसलेला गुरप्पा उठून उभा राहिला. धोतर सारखं केलं, टोपी घातली आणि बायकोकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "निंगव्वा, डबा दे. पाळी चुकंल."

पंगतीतली माणसं हातातला घास तसाच धरून बघायला लागली. निंगव्वा आजीच्या हातात वाढायची बुट्टी होती, ती तशीच राहिली. नवऱ्या मुलानं जाऊन आज्याचा दंड धरला. "आज्जा, बसा. मिल कुटं हाय हितं?"

म्हातारा क्षणभर त्याच्याकडं बघत राहिला आणि मग बोळक्या तोंडानं हसायला लागला. "मला काय येड लागलंय व्हय? गंमत केली. तुमी समद्यांनी तोंडं कशी केली ती बघा की." मग पंचाक्षरीकडं वळून म्हणाला, "माझा भोंगा कुटनं आणलास रे? परत लाव. लई दिसांनी काय तरी नीट ऐकू आलं."

निंगव्वा आजीनं पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराआड हसली. भोंगा परत लागला. या वेळी गुरप्पा कर्ण्याच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, आणि भोंगा उतरताना गिटार वेगळी ऐकू आली तेव्हा मान तिरकी करून म्हणाला, "ह्याच्यासंगं दुसरं कोण हाय?"

"आमचा शिवप्पा हाय, आज्जा. तोबी मिलमधलाच."

"कुठलं खातं?"

"सूतखातं."

"मग बरोबर," गुरप्पा म्हणाला, आणि जेवायला बसला.

ह्या एका लग्नानं मुक्या बँडचं नाव दक्षिण सोलापुरात झालं. वळसंगच्या लोकांनी पुढच्या चैत्रातल्या जत्रेला बँडला बोलावलं, तेही संध्याकाळची वेळ देऊन. पंचाक्षरीला वाटलं, शिवप्पा उडी मारेल. पण जत्रेच्या हँडबिलावर गावकऱ्यांनी छापलं होतं: 'सोलापूरचा सुप्रसिद्ध भोंग्याचा बँड'. ते वाचून शिवप्पाचं तोंड उतरलं.

टेंपोतून जाताना तो ते हँडबिल उलगडत होता आणि परत घडी घालत होता. गावाच्या अलीकडं एकदम म्हणाला, "अण्णा, मी भोंगा वाजवणार न्हाय."

"बरं."

"लोकांना भोंगा आवडलाय. आमचं वाजवणं न्हाय. तुमच्या टेपेनं आमाला भोंगेवाले केलं."

पंचाक्षरीला ते लागलं. "माझ्या टेपेनं? टेपेनं जे झालं ते धरलं. तू तुझी बोटं वर न्हेलीस म्हणून झालं. भोंगा तर रोज वाजतो की, कोण ऐकतंय?"

"रोज तसं होणार हाय का? पण लोक तेच मागणार."

"मागू देत. तू दुसरं दे."

येडू मधे बसला होता, तो म्हणाला, "भांडा. मी टेप करू का?" कुणी हसलं नाही.

गावात पोचलो तर देवळासमोर स्टेज बांधलेलं, आणि त्याला लागूनच पिठाची गिरणी. इंजिनवर चालणारी. छपरावरच्या नळकांड्यातून पुक् पुक् पुक् आवाज गावभर जात होता. गिरणीसमोर बायकांची रांग. टोपल्या, डबे, पाट्या. जत्रेचं दळण. पंचाक्षरी गिरणीवाल्या सिद्धलिंगप्पाकडे गेला आणि बँड होईपर्यंत इंजिन बंद ठेवायची विनंती केली. सिद्धलिंगप्पा डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा झालेला. तो म्हणाला, "तुमचा बँड थांबंल. पुरणपोळी थांबत न्हाय. ह्या बायका मलाच जात्यात घालतील."

रांगेतल्या बायकांनी त्याला दुजोरा दिला.

पंचाक्षरी परत आला. "गिरणी थांबत न्हाय."

शिवप्पा कपाळाला आठ्या घालून गिटार गळ्यात अडकवत होता. येडू मात्र खाटेच्या चौकटीमागं बसून मान तिरकी करून ऐकत होता. त्याचा पाय आपोआप हलायला लागला. पुक् पुक् पुक्. त्यानं हलगीवर बोटानं तोच ठेका धरला, मग काठी घेतली. मधल्या रिकाम्या जागी ढोलाचा एक ठोका टाकला. इंजिन आणि येडू दोघं एका गाडीला जुंपल्यासारखे चालायला लागले. चन्नवीरनं खालची तार धरली. पंचाक्षरीनं टेपरेकॉर्डर चालू केला, एक माइक स्टेजवर, एक लोकांकडे, आणि मग जराशानं तो दुसरा माइक उचलून गिरणीच्या दारात नेऊन ठेवला.

शिवप्पा अजून वाजवत नव्हता. तेवढ्यात इंजिनाची चाल बदलली. जात्यातलं धान्य संपत आलं, इंजिनावरचा भार कमी झाला, पुक् पुक् पुक् पुक् करत ते पळायला लागलं. येडूही पळाला. पुढची बाई आपली ज्वारी ओतत होती. ज्वारी पडली तसं इंजिन दमलं, पुक्... पुक्... पुक्, आणि येडूही दमला. स्टेजसमोरची माणसं गिरणीकडे बघायला लागली.

ती बाई म्हणजे सारजाबाई. पोक्त, ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिला सगळे आपल्याकडंच का बघतात ते कळेना. तिनं पाटीतली उरलेली ज्वारी ओतायला घेतली, बँड आणखी सावकाश झाला, तिनं हात आवरता घेतला, बँडनं वेग धरला. सारजाबाईनं एकदा बँडकडे बघितलं, एकदा आपल्या पाटीकडे. तिच्या ध्यानात आलं. मग तिनं मूठभर ज्वारी टाकली आणि वाट बघितली. चाल उतरली. परत मूठभर. रांगेतल्या बायका हसून वाकल्या.

"अगं सारजे, टाक की समदी, माझं पायलीभर राहिलंय," मागची एक जण ओरडली.

"थांब गं," सारजाबाई म्हणाली. "मी बँड चालवतीया."

त्यावर शिवप्पा हसला. टेंपोत बसल्यापासून पहिल्यांदा. आणि त्यानं तारेवर हात मारला. त्या संध्याकाळी तो जे वाजवत होता ते त्यानं आधी कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही त्याला ते तसं जमलं नाही. इंजिन पळालं की त्याची गिटार बायकांच्या हसण्यासारखी उड्या मारत जायची, आणि ज्वारी पडली की लांब ताणलेल्या सुरावर रेंगाळायची. एकेक बाई पुढं येऊन आपापल्या हिशेबानं धान्य टाकू लागली. एकीनं मुद्दाम सगळी टोपली एकदम रिकामी केली. इंजिन घुसमटून बंदच पडतं की काय असं झालं, आणि तिघंही वाजवता वाजवता ओणवे होऊन वाट बघत राहिले. सिद्धलिंगप्पानं दांडा हलवला, इंजिननं श्वास घेतला, सगळ्या गावानं आरोळी ठोकली.

सगळं दळण संपल्यावरच बँड थांबला. पहिल्या रांगेत गुरप्पा आज्जा बसला होता. तो म्हणाला, "झालं हे बरं झालं. पर आमचा भोंगा?"

आम्ही शिवप्पाकडं बघितलं. शिवप्पानं बोट तारेवर ठेवलं आणि एकट्यानं भोंगा वर नेला, उभा केला, खाली आणला.

गुरप्पा म्हणाला, "आमचा जरा जाड हाय. पर चालतंय."

परतताना टेंपोत शिवप्पा पंचाक्षरीच्या शेजारी बसला. "माइक गिरणीपाशी कशाला न्हेलात?" त्यानं विचारलं.

"सारजाबाई तिकडं होती की," पंचाक्षरी म्हणाला. दोघांचं भांडण तिथंच मिटलं.

त्यानंतर तीनेक वर्षं मजेत गेली. बँड मोठा झाला नाही, पण दुपारऐवजी संध्याकाळ मिळू लागली. पंचाक्षरीची रिळं वाढत गेली. अक्कलकोट रोडच्या कारखान्यातल्या पूजेचं रीळ, त्यात तेलुगू बोलणारी माणसं येडूला जेवायचा आग्रह करत होती आणि तो वाजवता वाजवता नको नको म्हणत होता. पार्क मैदानातलं रीळ, त्यात वीज कमीजास्त झाल्यानं सगळा बँड मधेच झोपेत गेल्यासारखा वाजत होता. लोक दुकानात यायचे आणि आपापलं रीळ मागायचे.

एकदा कुणाच्या तरी ओळखीनं तिघं पुण्याला एका स्टुडिओत जाऊन आले. गाद्या लावलेल्या बंद खोलीत वाजवलं. तिथला माणूस भला होता. चहा पाजला, कौतुक केलं, एक रीळ हातात दिलं. इकडं आल्यावर आम्ही सगळे दुकानात बसलो, पंचाक्षरीनं ते लावलं. आवाज असा स्वच्छ की झांजेचा कण न् कण ऐकू येत होता. एकही सूर चुकला नव्हता. संपल्यावर 'परत लावा' असं कुणी म्हटलं नाही.

नीलम्मा दारातून म्हणाली, "कुणी मेलंबिलं होतं का तिथं? एक माणूस खोकत कसं न्हाय?"

शिवप्पा इतका हसला की त्याला ठसका लागला. पंचाक्षरीनं ते रीळ नीट खोक्यात घालून ठेवलं. पुढं त्याच्यावर मुंजीबिंजी टेप झाल्या.

कॅसेटी आल्या तेव्हा पंचाक्षरी रिळांवरून कॅसेटी करून द्यायला लागला. एक दिवस सारजाबाईचा थोरला मुलगा आबासाहेब दुकानात आला. तो भिवंडीला मागांवर काम करत होता. त्याला गिरणीची कॅसेट हवी होती.

"बँड आवडला व्हय?" पंचाक्षरीनं विचारलं.

"बँडबी चांगला हाय," आबासाहेब जरा लाजत म्हणाला. "आमची आई त्यात हाय की. खोलीवर आमी धा-बारा जण असतो. समद्यांना ऐकवतो. 'मी बँड चालवतीया' म्हणते ना, तितं समदे टाळ्या वाजवतात."

पंचाक्षरीनं कॅसेट करून दिली आणि तो गेल्यावर बराच वेळ माइकची वायर गुंडाळत बसला. मग मला पत्र्यावरून हाक मारून म्हणाला, "मानसिंग, भिवंडीत टाळ्या पडतात म्हणे आपल्या सारजाबाईला."

अठ्ठ्याहत्तरच्या अखेरीला चन्नवीरचं लग्न होऊन तो माळशिरसकडं, सासुरवाडीच्या जवळ, शिवणाचं दुकान टाकायला गेला. शिवप्पा मिल सोडून एमआयडीसीत लागला, टॉवेलच्या कारखान्यात. येडू चुलत्याच्या बँडचा मालक झाला. थ्री स्पार्क बंद झाला असं कुणी जाहीर केलं नाही, फक्त रविवारी दुकानात कुणी येईना. पंचाक्षरीला चुकल्यासारखं होत असणार. तो माझ्या दुकानात येऊन उगीच पायडल फिरवत बसायचा.

वर्षभरानं चन्नवीरला मुलगी झाली आणि त्यानं बारशाला सगळ्यांना बोलावलं. आम्ही टेंपो घेतला. वाटेत उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता भरलेला, येडू प्रत्येक गाडीवानाकडून एकेक कांडं मागत गेला. चन्नवीरच्या अंगणात मांडव होता. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या आणि पुरुषांना काही काम नव्हतं. चन्नवीरनं घरातून जाड तारांची गिटार आणली. ती त्यानं खोळ शिवून जपून ठेवली होती. येडूनं घंगाळ उलटं केलं. शिवप्पानं बरोबर आणलेली गिटार पंचाक्षरीच्या मशीनला जोडून तारा लावल्या.

पंचाक्षरी माइक घेऊन पाळण्याकडं गेला. चन्नवीरची सासू लगेच बायकांना म्हणाली, "गप बसा गं, टेप होतंय."

"न्हाय अक्का, गप नका बसू," पंचाक्षरी म्हणाला. "बोला. भांडा. पोरीला रडू द्या."

पोर रडली नाही. बँड सुरू झाल्यावर तिनं डोळे मोठे केले, आणि थोड्या वेळानं झोपून गेली. बायकांनी मात्र नाव ठेवण्यावरून असा कल्ला केला की टेपेत गिटार शोधावी लागते. आजीला 'शांता' हवं होतं, आत्याला 'सुरेखा', आणि कोपऱ्यातून कुणीतरी तिसरंच नाव सुचवत होतं. पंचाक्षरी पाळण्याच्या दोरीशेजारी माइक धरून उभा होता, विभूती घामानं ओघळलेली, आणि मान डोलवत होता. नाव शेवटी सुरेखा ठेवलं. टेपेत ते ऐकू येतं, येडूनं घंगाळावर दिलेल्या तीन ठोक्यांनंतर, सगळ्या बायकांच्या एकदम हसण्यात.